ती काय म्हणाली?

श्रोतेहो, नमस्कार.

गाजलेल्या प्रेमकथा सांगा म्हटलं, की कुणीही एका दमात चार-पाच जोड्यांची नावं घेतं. लैला-मजनू, हीर-रांझा, अँटनी-क्लिओपात्रा, शहाजहान-मुमताज. त्यातल्या पुरुषानं काय केलं, हेही आपल्याला पाठ असतं. कुणी रानोमाळ भटकला, कुणी तलवारीवर पडला, कुणी संगमरवरी कबर बांधली. पण तिचं काय म्हणणं होतं, असं विचारलं की बहुतेक कथा गप्प होतात. आज हाच प्रश्न घेऊन मी काही कथांकडे वळणार आहे.

लैलेपासून सुरुवात करू. अरबस्तानात बनू आमिर टोळीत कैस नावाचा तरुण होता, अशी ही सातव्या शतकातली दंतकथा. कैस तिच्या नावानं कविता रचायचा आणि भर वस्तीत गात सुटायचा. ज्यानं मुलीच्या नावाचा असा बभ्रा केला, त्याच्याच पदरात ती घालायची म्हणजे बदनामीवर आपणच शिक्कामोर्तब करायचं, असं त्या समाजाला वाटे. बापानं साफ नकार दिला. म्हणजे ज्या कवितांनी कैसचं नाव झालं, त्यांनीच त्याचं लग्न मोडलं! लोक त्याला मजनू, म्हणजे वेडा, म्हणू लागले. तो वाळवंटात गेला आणि जनावरांत राहू लागला. हे आपल्याला माहीत असतं. लैलेचं लग्न इब्न सलाम नावाच्या माणसाशी लावून दिलं, तिनं त्याला जवळ येऊ दिलं नाही, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. गंजा शहरच्या निजामीनं 1188 साली ही कथा फारसीत काव्यरूपात लिहिली. त्यात मरायला टेकलेली लैला आईपाशी मन मोकळं करते. तोवर तिनं सगळं मनातच ठेवलेलं असतं. मजनूला निदान आरडाओरडा करायची मुभा होती!

इजिप्तची राणी क्लिओपात्रा, तिचं दुखणं वेगळं. तिच्याबद्दल बोलणारे उदंड, पण त्यातले बरेचसे तिच्या शत्रूच्या बाजूचे. तिचा प्रियकर अँटनी हा रोमन सरदार. त्याचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन यानं अँटनीचं मृत्युपत्र मिळवून रोमच्या सीनेटमध्ये वाचून दाखवलं. आपल्याला तिच्या राजधानीत, अलेक्झांड्रियात पुरावं, असं त्यात होतं म्हणे. रोमन माणूस परक्या राणीच्या नादी लागला, एवढं लोकांच्या गळी उतरवायला ते पुरलं. मग युद्ध पुकारलं गेलं ते एकट्या क्लिओपात्राविरुद्ध. खरं भांडण दोन रोमन सरदारांचं, पण खापर बाईच्या माथी. इ.स.पू. 31 मध्ये अ‍ॅक्टियमला आरमारी हार झाली आणि पुढच्याच वर्षी दोघांनीही आयुष्य संपवलं. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानं शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलं, की तिचं रूप काही अजोड नव्हतं, मोहिनी होती ती तिच्या बोलण्यात. ती अनेक भाषा बोलायची आणि तिच्या घराण्यात इजिप्तची भाषा शिकलेली ती पहिलीच होती, असंही तो सांगतो. यातलं तिचं स्वतःचं काय उरलं? बर्लिनमध्ये इ.स.पू. 33 सालचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख, आहे. अँटनीच्या गोटातल्या एका रोमन माणसाला गहू बाहेर नेण्यावर आणि दारू आत आणण्यावर करमाफी दिल्याचा तो हुकूम. त्याच्या तळाशी वेगळ्या हातानं लिहिलंय : तसं व्हावं. काही अभ्यासकांच्या मते ते अक्षर तिचं आहे. एवढी गाजलेली प्रेमिका आणि तिच्या हातचं म्हणून आपल्याला मिळतं ते करमाफीचं फर्मान. मला ते आवडतं. बाई राज्य चालवत होती, याचा तो पुरावा आहे.

पोर्तुगालच्या इनेस द कास्त्रोचं तर तेवढंही नाही. राजपुत्र पेद्रोच्या बायकोबरोबर ती सखी म्हणून आली आणि पेद्रोचा जीव तिच्यावर जडला. बायको वारल्यावरही त्यानं दुसरीकडे लग्न करायला नकार दिला. इनेसच्या भावांचं दरबारात वजन वाढत चाललं होतं, ते राजाला, म्हणजे पेद्रोच्या बापाला, खुपू लागलं. 7 जानेवारी 1355 रोजी त्याच्या हुकमानं कोइंब्रात तिला मारलं. पेद्रो गादीवर आल्यावर त्यानं मारेकऱ्यांपैकी दोघांना पकडून त्यांची काळजं उपटली. तिचं प्रेत सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना हात चुंबायला लावले, ही गोष्ट मात्र मागाहून रचलेली. त्या काळच्या कागदपत्रांत ती सापडत नाही. अल्कोबासाच्या मठात दोघांच्या कोरीव कबरी आज पायाला पाय अशा समोरासमोर आहेत. कयामतीच्या दिवशी उठताच एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून, असं सांगतात. इनेसची कबर ज्यांच्या पाठीवर टेकलीय, ते माणसाच्या तोंडाचे पशू म्हणजे तिचे मारेकरी, असंही म्हणतात. दगडात इतकं सगळं आहे. इनेसचा एक शब्द नाही.

चीनमधली झू यिंगताई बोलणारी आहे, पण समोरच्याला कळेल तर ना! शिकायचं म्हणून ती मुलाच्या वेशात शाळेत गेली, तीन वर्षं लिआंग शानबोच्या शेजारी बसली, घरी परतताना वाटभर सूचक बोलत राहिली. गड्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तेव्हा तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं होतं.

आता दमयंती. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा जुगारात सगळं घालवून बसलेल्या युधिष्ठिराला सांगतात. नाव नलाचं आधी येतं, पण कथा पुढे ढकलते ती दमयंती. स्वयंवरात चार देव नलाचंच रूप घेऊन बसले, तेव्हा तिनं नीट निरखून पाहिलं. चौघांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगावर घाम नव्हता, पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचव्याच्या गळ्यातली माळ कोमेजलेली, अंगावर धूळ, मागं सावली. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली. पुढे नल राज्य हरला आणि रानात तिला झोपेत टाकून गेला. जाताना तिच्या अंगावरचं अर्धं वस्त्र कापून घेतलं.

तिचं खरं काम इथून पुढे. माहेरी विदर्भात पोचल्यावर तिनं गावोगाव ब्राह्मण धाडले. त्यांना एकच वाक्य पाठ करायला लावलं : जुगाऱ्या, माझं अर्धं वस्त्र कापून, झोपलेल्या मला सोडून कुठे गेलास? कोण उत्तर देतो, तेवढं टिपून आणा. अयोध्येत ऋतुपर्ण राजाच्या पदरी असलेल्या बाहुक नावाच्या कुरूप सारथ्यानं उत्तर दिलं. मग तिनं फक्त ऋतुपर्णाला निरोप धाडला, की उद्या दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. अयोध्येहून विदर्भाला एका दिवसात रथ आणणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. रथ आला. तरी ती धावत गेली नाही. दासीला पाठवून सारथ्यावर नजर ठेवली, मुलांना त्याच्याकडे पाठवून तो रडतो का पाहिलं, त्यानं रांधलेलं मागवून चाखलं. सगळे पुरावे जुळल्यावर त्याला समोर बोलावून पहिला प्रश्न विचारला तो टाकून जाण्याचाच.

आणि आता एक बाई, जिची पत्रं उरली आहेत. बाराव्या शतकातलं पॅरिस. पीटर आबेलार हा तर्कशास्त्राचा नामांकित शिक्षक. नोत्र दाम चर्चचा कॅनन, म्हणजे तिथला एक धर्माधिकारी, फुल्बेर याच्या घरी तो राहू लागला, त्याच्या भाचीला, एलोईझला, शिकवायला. ती मुळातच विद्वान म्हणून प्रसिद्ध होती. प्रेम जडलं, मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी अ‍ॅस्ट्रोलेब ठेवलं, ग्रहतारे मोजायच्या यंत्राचं! आबेलारनं लग्नाचा आग्रह धरला, एलोईझनं विरोध केला, तरी गुपचूप लग्न झालं. फुल्बेरच्या माणसांनी रात्री आबेलारला गाठून त्याचं पुरुषत्व कापलं. तो साधू झाला आणि त्याच्या सांगण्यावरून ती जोगीण झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानं आपल्या दुर्दैवाची कहाणी एका मित्राला पत्रात लिहिली. ते तिच्या हाती लागलं आणि तिनं लेखणी उचलली. मायना असा : धन्याला, छे, पित्याला, पतीला, छे, भावाला. मग जाब. मित्राला एवढं लांबलचक पत्र, मला एक ओळ नाही? सम्राटाची बायको होण्यापेक्षा तुझी वेश्या म्हणवून घेणं मला गोड वाटलं असतं, असं ती लिहिते. मठाची प्रमुख असलेली बाई लिहिते, की भर प्रार्थनेतही जुन्या सुखाची चित्रं डोळ्यांपुढून हलत नाहीत आणि त्याचा पश्चात्ताप होत नाही. आबेलारची उत्तरं उपदेशाची आहेत. माझ्या मते त्या पत्रव्यवहारात मोठी माणूस तीच आहे. पुढे काही अभ्यासकांना ही पत्रं खरी नसावीत अशी शंका आली, पण आज बहुतेक जण ती तिचीच मानतात.

आबेलार 1142 साली वारला. क्लूनी मठाचे प्रमुख पीटर यांनी त्याचा देह तिच्या मठात पोचवला. त्यांना एलोईझनं आभाराचं पत्र धाडलं आणि काही गोष्टी मागितल्या. आबेलारच्या पापमुक्तीचा दाखला लेखी हवा, मोहोर लावून, कबरीवर टांगायला. आणि आमच्या अ‍ॅस्ट्रोलेबसाठी कुठे चर्चमध्ये पगाराची जागा मिळते का, तेवढं बघा. पीटरनी दाखला पाठवला आणि मुलाच्या जागेबद्दल लिहिलं, की प्रयत्न करतो, पण बिशप मंडळी अशा गोष्टींत फार आढेवेढे घेतात.