करंड्यावरची उजेडाची रेघ

(पडवी. लाकूड फिरवून कातायचा लेथ सुरू होतो.)

हा आवाज जरा ऐका. मोटर चालू झाली की आधी नुसतं घुंऽऽ, आणि पटाशी, म्हणजे कातायची छिन्नी, लाकडाला टेकली की आवाज बदलतो, खरखर सुरू होते आणि मग ही सालं बघा कशी उडतायत, कातणाऱ्या काकांच्या हातावर, बनियनवर, पार मागच्या चिऱ्याच्या भिंतीपर्यंत. सावंतवाडीतलं घर आहे, श्रावणातली सकाळ, आणि लेथवर चढलाय कुंकवाचा करंडा.

सावंतवाडी म्हटलं की सगळ्यांना लाकडी खेळणी आठवतात, चितार आळीतली ती रंगीत फळं, भोवरे, पांगुळगाडे. खेळण्यांना इथे पूर्वापार पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात. आणि गंजिफा, खेळायचे गोल पत्ते. गंजिफा संपत आली होती, १९७०च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती परत उभी केली, म्हणून आज आपण ते गोल पत्ते बघतोय. लेथवर लाकडाला गोल आकार द्यायच्या या कातकामाकडे मात्र इतक्या प्रेमाने कुणी कॅमेरा वळवलेला मला तरी दिसला नाही. भोवरा घेतात, पोराच्या हातात देतात, विषय संपला.

पूर्वी मोटर नव्हती. एकजण दोरी ओढायचा, लाकूड एकदा इकडे फिरायचं एकदा तिकडे, आणि कातारी फक्त एका फेऱ्यात पटाशी टेकवायचा, दुसऱ्या फेऱ्यात उचलायचा. काकांच्या लहानपणी दोरी ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या दोरीचे वळ पडलेला जुना खांब अजून पडवीत उभा आहे, हा बघा.

आता लाख. करंडा फिरतोय आणि काकांनी लाखेची लाल कांडी त्यावर दाबून धरलीय. चूल नाही, शेगडी नाही, नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. आधी डाग डाग दिसतात, मग केवड्याचं पान घेऊन ते दाबत न्यायचं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, आणि ही बघा, आत्ता, ही चकाकी आली. इथे मी कॅमेरा बंदच केला नाही, पूर्ण चार मिनिटांचा एकच शॉट आहे, त्यातलं थोडंसंच इथे ठेवलंय.

(प्लास्टिकच्या खुर्चीवर करंडा. आधीचा फोटो.)

आणि हा त्याच करंड्याचा फोटो. काकांच्या मुलाने काढलेला, रात्री, ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून. वॉट्सॅपवर गिऱ्हाइकांना हाच जायचा. मध्ये पांढरा ठिपका, बाजूला खुर्चीची निळी झाक, आणि लाखेत नीट बघितलं तर फोन धरलेला माणूस. इतक्या हातांनी केलेली वस्तू प्लास्टिकच्या डबीसारखी दिसतेय. पुण्याहून एक पार्सल परतही आलं, फोटोतला लाल वेगळा आणि हातातला वेगळा म्हणून.

तर आम्ही बनवण्याचं शूटिंग करायला गेलो होतो आणि तीन दिवस फोटोत अडकलो. आणि त्यातली खरी गोष्ट आम्हाला काकांकडेच मिळाली.

हा शॉट बघा. करंडा लेथवरून उतरवला की काका काय करतात, तर खिडकीकडे तोंड करून तो डोळ्यांसमोर धरतात आणि हळूहळू फिरवतात. रंगाकडे त्यांचं लक्षच नाहीये. खिडकीच्या उजेडाची जी उभी रेघ लाखेवर पडते ना, तिच्याकडे ते बघतायत. रेघ सरळ, न तुटता वरून खाली गेली तर कातकाम बरोबर. कुठे लचकली, तुटली, तर तिथे पटाशी थरथरली असणार. बोटाला कळत नाही ते या रेघेला कळतं.

फोटोत हीच रेघ आणायची. बाकी सगळं मग सोपं होतं.

गोल चकचकीत वस्तू म्हणजे आरसाच की, समोर जे असेल ते दाखवणार. फ्लॅश लहान, म्हणून ठिपका पडतो. खिडकी मोठी, म्हणून रेघ पडते. उजेड देणारी जागा वस्तूपेक्षा मोठी हवी आणि वस्तूच्या जवळ हवी, एवढंच गणित. आम्ही करंडा खिडकीपासून दोन फुटांवर ठेवला, खिडकी डाव्या हाताला, आणि खिडकीला बटर पेपर लावला, तोच, केक भाजताना घालतात तो, दोन पट्ट्या चिकटपट्टीने जोडून. आता बघा, खिडकीच्या गजांचे काळे पट्टे लाखेतून गेले आणि एकच मऊ रेघ राहिली. उजवीकडची बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरा चार्ट पेपर उभा करायचा. फार जवळ आणू नका, थोडी सावली राहिली पाहिजे, सावली गेली की गोलाई पण जाते.

घरातले सगळे दिवे बंद. हे माझ्याकडून निक्षून. खिडकीचा उजेड एका रंगाचा असतो आणि पिवळा बल्ब वेगळ्याच, उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दोन्ही एकत्र पडले की फोनला कळतच नाही कुणावर विश्वास ठेवायचा, आणि एका बाजूने लाकूड निळसर, दुसऱ्या बाजूने केशरी.

आणि एक गोष्ट जी आमच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली. मागची ही चिऱ्याची भिंत. जांभा लाल, अंगणात माडाच्या हिरव्या झावळ्या, आणि दोन्हीचा रंग उडून वस्तूवर येतो. लाल करंड्यावर कळत नव्हतं, पण फणसाच्या लाकडाचा वाडगा ठेवला आणि तो चक्क गुलाबी दिसायला लागला. काकूंनी पांढरी चादर आणून भिंतीवर टांगली आणि दोन मिनिटांत वाडगा परत पिवळा.

(फणसाचा वाडगा, जवळून.)

हा वाडगा माझा सगळ्यात आवडता. फणसाचं लाकूड ताजं कातलं की असं हळदीसारखं पिवळं असतं आणि उजेडात राहून राहून वर्षांनी तांबूस तपकिरी होत जातं, शेजारी ठेवलाय तो जुना वाडगा बघा, झाड तेच. याला लाख नाही, नुसतं तेल. म्हणून इथे रेघ शोधायची नाही, इथे लाकडाची नस, म्हणजे त्याच्या रेषा, दिसली पाहिजे. त्यासाठी वाडगा थोडा पुढे सरकवला, असा की उजेड त्याच्या अंगावरून तिरका, घासून जाईल. समोरून उजेड आला तर नस सपाट पडते. आणि फोटोआधी सुती फडक्याने एकदा पुसा हो, बोटांचे डाग आणि काच पेपरची धूळ डोळ्याला दिसत नाही, फोटोत नको तेवढी दिसते.

खाली चार्ट पेपर अंथरलाय तो मागे भिंतीवर वाकवून नेलाय, घडी न पाडता, म्हणजे मागे जमीन आणि भिंतीची रेघ येत नाही. राखाडी घेतला. पांढरा घेतला तर फोन सगळं मळकट करतो, त्याला वाटतं उजेड जास्त झाला. पांढराच हवा असेल तर स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून ठेवायचं, फोकस लॉक होतो, आणि मग उजेड कमी-जास्त करणारा तो छोटा सूर्य वर सरकवायचा, थोडासाच, रेघेतला रंग उडायच्या आत थांबायचं.

फोन जवळ नेऊ नका. सगळे नेतात. जवळून वाइड लेन्सने काढलं की वाडग्याचा पुढचा काठ फुगतो, तळ बारीक होतो, कारागिराने जो आकार दिला तो फोटोत राहतच नाही, हा तर अन्याय झाला. तीन-चार फूट मागे या आणि दोन एक्स झूमवर काढा. हे दोन फोटो शेजारी शेजारी बघा, वाडगा एकच आहे. फोनला टेकू द्या, आम्ही धान्य मापायचा शेर आणि दोन विटा वापरल्या, आणि टायमर दोन सेकंदांचा लावला. कॅमेरा असेल तर उजेडाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, १०० आणि लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११, म्हणजे पुढचा काठ आणि मागचा काठ दोन्ही स्पष्ट येतात.

उंची किती ठेवायची? करंड्याला त्याच्या मध्यावर, आकार दिसावा म्हणून. वाडग्याला थोडं वरून, आतला भाग दिसावा म्हणून. आणि तळाचा एक फोटो कायम काढा. तळ कसा संपवलाय त्यावरून जाणकार माणूस कारागीर ओळखतो. काकांच्या वाडग्याच्या तळाला ही बारीक गोल खाच आहे, कुणी न सांगता केलेली, कुणाला दिसणार पण नाही अशी.

माप कळावं म्हणून शेजारी नाणं ठेवतात लोक. आम्ही काकूंचा हात घेतला. करंडा तळहातावर. बस.

भोवऱ्याचं थोडक्यात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० सेकंद ठेवलं तर फिरणारा भोवरा थांबल्यासारखा दिसतो, १/३० ठेवलं तर पट्टे एकमेकांत मिसळतात, आणि भोवऱ्याला मला दुसराच बरा वाटतो. श्रावण असल्यामुळे ऊन-पाऊस चालूच होता, दर दोन मिनिटांनी उजेड बदलायचा, पण आभाळ भरून आलं की अख्खं आकाशच बटर पेपर व्हायचं. आमचे सगळ्यात चांगले फोटो सर येऊन गेल्यानंतरचे आहेत.

(फोनचा स्क्रीन. काकांचा अंगठा.)

हा शेवटचा फोटो, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला. मुलाने काढलाय, आम्ही हात लावला नाही. राखाडी कागद, लाल करंडा, डावीकडून रेघ. त्याने फोन काकांना दिला. काकांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, झाकणाच्या खाली, रेघ जिथे जराशी लचकलीय तिथे अंगठा ठेवला.

"हंय बघ," एवढंच म्हणाले.

आणि मग उठले, करंडा घेतला, परत लेथवर चढवला.

(मोटरचा आवाज.)