हळदीकुंकू आणि स्ट्रीक

(मेलबर्नमधल्या मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी, मिसळीचा वास इथपर्यंत येतोय त्यामुळे लांबवत नाही.

विषय दिलाय मुलं आणि मोबाइल. इथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची सोशल मीडियाची खाती बंद झाली, आमच्या चौदा वर्षांच्या लेकीचं स्नॅपचॅट गेलं, स्ट्रीक गेले, म्हणजे मैत्रिणींशी रोज न चुकता फोटो पाठवून टिकवलेली दिवसांची साखळी, घरात दोन दिवस सुतक. त्यानंतर जानेवारीत आम्ही नाशिकला दादाकडे गेलो, तर तिथेही वहिनीची तीच रड, हा पोरगा सारखा फोनमध्ये, पुढच्या वर्षी बोर्ड आहे.

पोरगा नववीत. म्हटलं बघू तरी काय करतो, तर म्हणाला आत्या उद्या पहाटे चल. दादाने कुरकुरत गाडी काढली आणि आम्ही नांदूर मधमेश्वरला गेलो, तेच ते, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये मान जाहीर झाला. मी नाशिकची असून कधी गेले नव्हते, लाज वाटली. थंडीत कुडकुडत उभे आणि हा दुर्बिणीतून दाखवतोय, ते बघ हळदीकुंकू. मला वाटलं संध्याकाळी वहिनीकडे संक्रांतीचं आहे त्याबद्दल बोलतोय! तर ते बदकाचं नाव. काळी चोच, टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपका. कुणी ठेवलं असेल हे नाव, त्या बाईला, बाईच असणार, साष्टांग नमस्कार.

आता फोनचं. हा पक्षी मोजतो आणि ई-बर्डवर, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, यादी टाकतो, कुठे, किती वाजता, किती पक्षी. एकदा त्याने एका पक्ष्याचा भलामोठा आकडा टाकला तर तिथल्या स्वयंसेवकाचा मेल आला, कसे मोजलेस? हा आधी चिडला, मग शिकला की थव्यातले दहा मोजायचे, दहाची जागा डोळ्यात धरायची आणि तेवढे तुकडे अख्ख्या थव्यावर टाकत जायचे. उत्तर इंग्रजीत लिहायचं म्हणून चार वेळा खोडलं. शाळेत निबंध एकदाही खोडत नाही हो तो.

२००८ साली अमेरिकेत मिझुको इतो या संशोधक बाईंच्या टीमचा मुलांच्या ऑनलाइन वागण्यावरचा अभ्यास आला होता, तीन वर्षांचा, आठशेच्या वर मुलांशी बोलून केलेला. मायस्पेस या जुन्या सोशल साइटचा जमाना, पण त्यांनी केलेला फरक मला अजून पटतो, काही मुलं मैत्रीसाठी ऑनलाइन असतात म्हणजे वर्गातलीच टोळी तिथे, आणि काही आवडीसाठी, जिथे अनोळखी पण जाणकार माणसं चूक काढतात. मैत्रीवालं वाईट असं त्यांनी म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हणणार नाही, आपण कट्ट्यावर दुसरं काय करायचो? पण आपण पालक दोन्हीचे तास एकाच काट्यावर मोजतो. मीच मोजत होते. किती वेळ फोनवर होतीस हे रोज विचारलं, कुणी तुझी चूक काढली का हे एकदाही नाही.

हे सगळ्या पोरांचं होतं असंही नाही, आमच्या भाच्याचे रात्री दोन-दोन तास रीलमध्येही जातात, वहिनी खोटं बोलत नाही.

लेक आता इथल्या तळ्यावर बदकं मोजते. इथलं काळं बदक आपल्या हळदीकुंकूचं जवळचं नातेवाईक निघालं, चेहऱ्यावर काळ्या रेघा. परवा नाशिकहून मेसेज आला, आत्या त्याला मराठीत काय म्हणायचं? मला काही सुचलं नाही, तुम्हाला सुचलं तर मिसळीच्या रांगेत सांगा.