चार गोळ्या कापून द्या

ही कात्री बघा. बेळगावच्या शहापुरातल्या एका मेडिकलच्या काउंटरवरची, मुठीला दोरा गुंडाळलाय, आणि दिवसभर हिचं काम एकच, स्ट्रिप कापायची. संध्याकाळी बाजारातनं परतताना एक वैनी थांबल्या, पोराला ताप, घसा धरलाय, चिठ्ठी-बिठ्ठी काय नाही. "अण्णा, मागच्या वेळची ती पांढरी गोळी द्या की, चारच कापून द्या." कच्च. कागदी पाकीट, काम झालं.

ती गोळी अँटिबायोटिकची, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाची. आता पाकिटातला तो तुकडा जरा जवळनं बघा. नाव अर्धं गेलंय, एक्स्पायरी दुकानातल्या उरलेल्या भागावर राहिली, आणि स्ट्रिपच्या कडेनं जाणारी ती तांबडी रेघ, ती या तुकड्यावर आलीच नाही. 2016 पासून सरकार ओरडून सांगतंय की तांबडी रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका. आमच्या बेळगावात पाटीवर कन्नड किती नि मराठी किती यावरनं पिढ्या भांडल्या, गोळीवर तर बहुतेक सगळं इंग्रजीच, मग अक्षरओळख नसलेल्या आजीलाबी कळेल अशी एकच खूण होती ही, आणि तीच कात्रीत जातेय.

वैनींचं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही हो. डॉक्टरची फी वेगळी, दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा, आणि खानापूरच्या आतल्या गावांतनं तर बस धरूनच यावं लागतं. बरं, पोरगं तिसऱ्या दिवशी बरं पण होतं! सर्दी-घसा बहुतेक वेळा व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडतच नाही, पोरगं आपलं आपण बरं झालं, पण नाव झालं गोळीचं.

मग बिघडतं काय? ही लॅबमधली थाळी बघा. पेशंटच्या लघवीतले जंतू यावर वाढवलेत आणि वर कागदाच्या टिकल्या ठेवल्यात, प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. जिथं औषध चालतं तिथं टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. इथं बघा, एक गोल, दुसरा जरासा, आणि बाकीच्या टिकल्यांना जंतू पार चिकटून वाढलेत. गरज नसताना घेतलेली गोळी पोटातले साधे जंतू मारते, दांडगे मागं राहतात, वाढतात, आणि आपली ती युक्ती शेजारच्या जंतूला पण देतात. हा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टरलाही अंदाजानंच औषध चालवावं लागतं.

आणि गोठा? म्हशीला दगडी झाली, कास दगडासारखी घट्ट, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. सोडायलाच पाहिजे, जनावर मरतंय. पण त्यानंतर लेबलवर लिहिलेत तितके दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, आणि इथं मात्र उसाच्या बिलाची वाट बघत बसलेल्या माणसाला रोजचं दुधाचं पैसं सोडवत नाहीत. कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक द्यायला 2019 मध्ये बंदी आली, कारण माणसासाठी ते जवळजवळ शेवटचं औषध.

कायदा आहे की. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची एक यादी, 1 मार्च 2014 पासून लागू, त्यातलं औषध विकलं की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं, आणि वही तीन वर्षं जपायची. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी केरळनं 2018 मध्ये राज्याचा स्वतःचा प्लॅन केला, 2024 च्या जानेवारीत चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर धाडी सुरू केल्या, गोळ्या निळ्या पाकिटात द्यायला लावल्या. विक्री 20 ते 30 टक्क्यांनी घटली असं तिथलं सरकार सांगतं. मला यातली खरी गोम वाटते ती ही की सगळ्या दुकानांना एकदम धरलं.

आमच्याकडं हेच अवघड. आम्ही कर्नाटकात, पण निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल जवळच, बेळगावहून शिनोळी तसंच, आजारी माणूस बॉर्डर बघून जात नाही, पण दुकान तपासणारा इन्स्पेक्टर मात्र बॉर्डरला थांबतो, त्याचं राज्य तिथं संपतं. एका बाजूनं आवळलं की दुसरीकडं गिऱ्हाईक वाढणार.

अण्णा म्हणाले, "मी नाही दिलो तर समोरचा देतोय. मग मीच कशाला गिऱ्हाईक घालवू?"

पण दुसऱ्या दिवशी आमच्या कॅमेऱ्यापुढं होते म्हणून असेल की काय, त्यांनी कात्री उचलली नाही. नुसती तापाची गोळी दिली, सकाळी सिव्हिलला दाखवा म्हणाले. वैनींनी उरलेले पैसे पदराला बांधले आणि रस्त्यापलीकडं बघितलं. समोरच्या मेडिकलची लाईट चालूच होती.