आत्याचा अस्मानी, काकांचा पिस्ता

(दृश्य : पत्र्याची शेड. चाकं काढून विटांवर टेकवलेली गाडी. वर एकच ट्यूबलाइट.)

ही आमची डुक्कर फियाट. शिवी नाही, नावच आहे तिचं. फियाट 1100 चं हे गोलमटोल मॉडेल 1953 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलं आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून आपल्या रस्त्यांवर आलं. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण गाडी एकदा मागून पाहिली की वाद उरत नाही. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आजोबांनी नंबर लावला, वाट पाहिली, आणि 1959 मध्ये ती दारात उभी राहिली. तेव्हा गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट. रंग कोणता हवा, असं विचारण्याइतकी चैन फार थोड्यांची.

ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली. इंजिन सहा महिन्यांत सुरू झालं. ब्रेक लागू लागले. दरवाजांची रबरी बीडिंग नाना पेठेत चार फेऱ्या मारल्यावर मिळाली. अडलो ते एका साध्या प्रश्नाशी. गाडीचा मूळ रंग कोणता होता?

आत्या म्हणाली, "अस्मानी. डोळे मिटून सांगते."

काका म्हणाले, "छे, पिस्ता! मी रोज पुसायचो ती."

आईला गाडी पांढरीच माहीत. ती या घरात आली तेव्हा पांढरी होती, आजही आहे. या भांडणात तिनं भाग घेतला नाही.

(दृश्य : जुना अल्बम. काळी तपकिरी पानं, कोपऱ्यांत चिकटवलेले फोटो.)

फोटो आहेत की, असं वाटलं. पण कृष्णधवल फोटोत अस्मानी आणि पिस्ता दोन्ही राखाडीच दिसतात. एकच रंगीत फोटो सापडला, ऐंशीच्या दशकातला, आणि त्यात गाडी गुलाबी. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो, मग सगळा फोटो लालसर होत जातो. त्या फोटोत आजोबांचा पांढरा सदराही गुलाबीच आहे. त्यांनी आयुष्यात गुलाबी कपडा अंगाला लावला नसेल.

मग आरसी बुक काढलं. शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं. रंगाच्या रकान्यात एकच शब्द : ग्रे.

म्हणजे आता तीन उमेदवार.

(दृश्य : पेंटरचे हात. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर.)

रंगाचं काम ज्यांच्याकडे दिलं त्या पेंटरकाकांच्या गॅरेजवर पाटी आहे : डेंटिंग, पेंटिंग, ड्युको. हा ड्युको शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की लोक तो कपाटालाही लावतात. मूळचा तो अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचा ब्रँड. त्याआधी गाडीवर तेलाचे आणि वॉर्निशचे थर चढायचे, प्रत्येक थर वाळवायचा, घासायचा, आणि एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागायचे. फोर्डनं मॉडेल टी कित्येक वर्षं फक्त काळी विकली ती याच काळात. नायट्रोसेल्युलोजचा हा नवा लॅकर पटकन सुकायचा. जनरल मोटर्सनं 1924 च्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात दिला आणि रस्ते रंगीत व्हायला लागले. तो ब्रँड कुठल्या कुठे गेला. पुण्याच्या पाट्यांवर मात्र त्याचं नाव अजून आहे.

पेंटरकाकांनी आमचं भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, माणसं काय, काहीही सांगतील. पत्र्याला विचारू."

त्यांनी डिकीच्या आतली एक जागा निवडली. जुन्या गाडीत रंग शोधायचा तर ऊन न लागलेला कोपरा धरायचा : डॅशबोर्डची मागची बाजू, दाराच्या बीडिंगखालचा पत्रा, हँडलच्या पट्टीखालची जागा. बाहेरचा रंग पन्नास वर्षं ऊन खातो. वर पिठासारखा थर धरतो आणि फिका पडतो. लाल रंगाचं तर विचारूच नका.

रुपयाएवढी जागा ते ओल्या पेपरनं गोल गोल घासत राहिले. कोरडं घासायचं नाही, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ थेट छातीत जाते. मध्यभागी जास्त दाब, कडेला कमी. त्यामुळे एकेक थर कडेनं उघडा पडत जातो. झाड कापल्यावर खोडात वर्तुळं दिसतात, तशी.

(दृश्य : जवळून. रंगांची वर्तुळं. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

सगळ्यात बाहेर पांढरा. त्याच्या आत प्रायमर. मग पिस्ता. स्वच्छ, दुधात कालवल्यासारखा पिस्ता. काका तिथंच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, पण चेहरा बोलत होता.

हात थांबला नाही. पिस्त्याच्या आत आणखी एक प्रायमर, आणि त्याच्या आत एक बारीक कडं, निळसर. मग कारखान्याचा प्रायमर आणि मधोमध उघडा पत्रा.

आत्याला फोन केला. पिस्ता कधी लागला, ते कळलं. तिच्या लग्नाला. लग्नाची गाडी म्हणून आजोबांनी ती नव्यानं रंगवून घेतली होती. काका तेव्हा सहा वर्षांचे, त्यांच्या आठवणी तिथून सुरू होतात.

"मग तू त्याच पिस्ता गाडीतून सासरी गेलीस की," मी म्हणाले.

"मी कुठे बाहेरून पाहिली? मी आत होते."

(दृश्य : रंगाचं दुकान. छोट्या हातयंत्रावर लुकलुकणारा दिवा.)

आता निवड करायची होती. दोन्ही रंग खरेच. काकांचा पिस्ता पंचवीस वर्षं गाडीवर होता, अस्मानी जेमतेम बारा-तेरा. गाडीनं जास्त आयुष्य काढलं तो रंग मूळ म्हणायचा, की कारखान्यातून घेऊन निघाली तो? मी दुसऱ्या बाजूची आहे आणि माझं कारण भावनेचं नाही. पिस्ता आजोबांची निवड होती, ती आणखी कुणाच्याही गाडीवर मारता येईल. तो निळसर मात्र त्या मॉडेलचा, त्या काळाचा आहे. आज पुसला तर पुन्हा विचारायला कोणी नाही.

शिवाय कागदपत्रं. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि नव्या नोंदणीचे 20,000 रुपये मोजावे लागतात. सांगाडा, बॉडी आणि इंजिन बदललेलं चालत नाही. रंगाचं आरसीशी जुळलेलं केव्हाही बरं.

दरम्यान सल्ले येतच होते. भाच्याला मिलिटरी ग्रीन हवा होता. त्याला मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम दाखवला : ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दोन दिवस रुसला. पेंटरकाका म्हणाले, "क्रीम मारा, शास्त्रीजींची फियाट क्रीमच होती." ते खरं आहे. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी बँकेचं 5,000 रुपयांचं कर्ज काढून घेतलेली क्रीम फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात आजही उभी आहे. पण ती त्यांची. आमची निळसर.

निळसर, म्हणजे नेमकी किती? दुकानातलं यंत्र पत्र्यावर टेकवलं की प्रकाश टाकून रंग मोजतं आणि जवळचं सूत्र देतं : पांढरा इतका, निळा इतका, काळा इतका. मग वजनकाट्यावर थेंब थेंब. पहिला नमुना फारच निळा, शाळेच्या गणवेशासारखा. काळ्याचे आणि पिवळ्या ऑक्साइडचे थोडे थेंब पडल्यावर तो जरा गप्प झाला. सहाव्या नमुन्याला पेंटरकाकांनी मान हलवली. ओला रंग बघून निर्णय घ्यायचा नाही, तो वाळला की वेगळा दिसतो. पट्टीवरचा रंग अख्ख्या गाडीवर आणखी उजळ वाटतो, म्हणून आधी एक पूर्ण दरवाजा रंगवला.

तो दरवाजा ट्यूबलाइटखाली राखाडी दिसला. माझ्या पोटात गोळा आला. बाहेर अंगणात आणला तर अस्मानी. परत आत नेला, राखाडी. ज्या कारकुनानं 1959 मध्ये ग्रे लिहिलं, तो बहुतेक खिडकीपासून लांब बसत असावा.

(दृश्य : पावसाची झड. गाडीवर ताडपत्री.)

जुलैत काम बंद. हवेत दमटपणा असला की लॅकर सुकताना पांढरा पडतो, धुकं धरल्यासारखा. आम्ही लॅकर वापरणार नव्हतो, हार्डनर घालायचा टू-के रंग ठरला होता, पण उघड्या पत्र्याला पावसात एका रात्रीत गंज येतो. जुना रंग मुळापासून काढलेला. तो ठेवून वर टू-के मारला तर खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. म्हणून पत्रा उघडा केला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. हार्डनरमधली आयसोसायनेट्स फुप्फुसांना कायमची लागतात. तरी गल्लीगल्लीत पोरं तोंडाला रुमाल बांधून गन चालवताना दिसतात. आम्ही हवेच्या नळीचा मास्क भाड्यानं आणला. पेंटरकाका आधी हसले, मग घातला.

वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला नाही. त्या काळच्या साध्या रंगाची चकाकी काचेसारखी नसायची, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी असायची.

(दृश्य : नोव्हेंबरची सकाळ. शेडचं दार उघडतं.)

डिकीतलं ते रुपयाएवढं वर्तुळ टेप लावून तसंच ठेवलं होतं. काकांनी पहिल्यांदा डिकीच उघडली. चष्मा पुसून वाकून बराच वेळ पाहिलं.

"पिस्ता याहून गडद होता," म्हणाले.

आत्या नागपूरहून आली होती. शेडमध्येच थांबून म्हणाली, "हा नाही गं. हा राखाडी आहे." मग आम्ही तिघांनी गाडी ढकलत उन्हात आणली. तिनं एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला आणि काढला, ठसा उमटेल म्हणून. मागचं दार उघडून आत बसली आणि काच खाली केली.

"दार नीट लाव. आणि सावकाश चालव."