डिप्लोमावाल्यांसाठी आरटीओचं दार

नमस्कार श्रोतेहो. मेकॅनिकलचा डिप्लोमा संपत आला की घराघरांत एकच खल चालतो: डिग्रीला प्रवेश घ्यायचा की चाकणला नोकरी धरायची? सरकारी तपासणीची पदं त्या चर्चेत सहसा येत नाहीत. त्यांतल्या एका पदाबद्दल आज जरा सविस्तर बोलू: सहायक मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे आरटीओत गाडी पास करणारा अधिकारी. भरती एमपीएससीमार्फत होते आणि मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा तीन वर्षांचा डिप्लोमा इथे चालतो.

लोकांना वाटतं, रस्त्यात गाड्या अडवायच्या नि दंड करायचा, झालं काम! पण खरी परीक्षा गाडीखाली वाकल्यावर होते. नवीन ट्रक किंवा बसला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागतं. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, टायरची नक्षी शिल्लक आहे का, हे सगळं त्यात आलं. आता ही मोजणी स्वयंचलित तपासणी केंद्रांकडे चालली आहे. ते बरंच झालं, असं माझं मत. पण घाटात बस उलटली की पोलिस बोलावतात ते निरीक्षकालाच. ब्रेकचा पाइप आधी फुटला होता की आपटल्यामुळे तुटला, हे त्याला बघून लिहून द्यावं लागतं. तो अहवाल कोर्टात जातो, आणि उलटतपासणीत वकील एकेका शब्दाचा कीस काढतो. वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्याला तिथे बोलता येतं. नुसत्या गाइडवर पास झालेल्याची अडचण होते.

म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय अधिसूचनेत या पदासाठी डिप्लोम्याबरोबर मोटार वर्कशॉपमधला एक वर्षाचा अनुभव आणि मोटरसायकल, जड मालवाहू व जड प्रवासी वाहनांचा परवाना सांगितला आहे. या अटी कधी पूर्ण करायच्या, यावरून आपल्याकडे नियम बदलले, कोर्टकचेऱ्याही झाल्या. तेव्हा मित्राने पाठवलेली जुनी जाहिरात प्रमाण मानू नका. दृष्टीच्या आणि शरीराच्या मापांच्या अटीही ताज्या जाहिरातीतच वाचा.

परवान्याचं मात्र आजच मनावर घ्या. हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचं लर्निंग मिळत नाही, आणि वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. जाहिरात आल्यावर ड्रायव्हिंग स्कूल शोधणाऱ्याचं गणित इथेच चुकतं. अठरा पूर्ण झाली की पहिला परवाना काढून ठेवा. मुलींनो, हे तुम्हालाही तेवढंच लागू आहे. बस चालवायला शिकताना बघे जमतील, जमू द्या.

दुसरं खातं वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापं तपासणारं. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप लावून बघणारा, साखर कारखान्यावर उसाच्या काट्याची तपासणी करणारा निरीक्षक तो हाच. काटामारीची तक्रार आली की गावाची नजर त्याच्याकडे वळते. डिप्लोमावाल्याला इथे तीन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. निवडीनंतरचं प्रशिक्षण रांचीच्या संस्थेत होतं.

रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन, म्हणजे डब्यांच्या आणि वाघिणींच्या विभागातही ज्युनिअर इंजिनिअर म्हणून वाव आहे. गाडी सुटण्याआधी चाकं, ब्रेक, कपलिंग बघण्याचं काम, पाळ्यांमध्ये, रात्रीअपरात्रीसुद्धा. संरक्षण खात्यातल्या गुणवत्ता तपासणीची पदं स्टाफ सिलेक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेतून भरतात. बॉयलर निरीक्षक व्हायचं असेल तर मात्र डिग्री करावी लागेल. त्या आशेवर डिप्लोमानंतर थांबून राहू नका.

आणि अनुभव कुठेही घेत असाल, छोट्या गॅरेजात किंवा एसटीच्या डेपोत, तर कामावर घेतल्याचं पत्र, पगाराची नोंद आणि सोडतानाचा दाखला मागून घ्या. त्यावर तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असू द्या. गॅरेज बंद पडल्यावर मालकाची सही मिळवणं फार जड जातं. नमस्कार.