बारशाच्या आत

"गुणाचं बाळ आहे हो डॉक्टर, अजिबात रडत नाही." एका आजींनी मला हे कौतुकानं सांगितलं होतं. नात सात महिन्यांची. दिवसभर झोपायची, पाजायलाही उठवावं लागायचं. रडलीच तर आवाज घोगरा. शी चार-चार दिवसांनी. जन्मानंतरची कावीळ महिनाभर रेंगाळलेली. जीभ जाडसर, बेंबी फुगलेली, अंगाला हात लावला तर गार. मान अजून धरत नव्हती. रक्त तपासलं, तर थायरॉइडचं संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. गोळी त्याच दिवशी सुरू केली. मुलगी हळूहळू वाढीला लागली, चालली, बोलली. पण मेंदूचं जे त्या सात महिन्यांत राहून गेलं, ते भरून निघालं नाही. हीच गोळी दहाव्या दिवशी मिळाली असती, तर ती आज तिच्या वयाच्या मुलींबरोबर एकाच बाकावर बसली असती. ते मला अजून टोचतं. आज आशाताई आणि प्रसूती विभागातल्या सिस्टर एवढ्या संख्येनं समोर आहेत, म्हणून मी नवजात बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी घ्यायच्या रक्ताच्या एका थेंबाबद्दलच बोलणार आहे.

हा थेंब कागदावर घ्यायची युक्ती अमेरिकेतल्या बफलो शहरात रॉबर्ट गथ्री यांनी रुळवली. त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं आणि नात्यातल्या एका भाचीला पीकेयू आहे हे उशिरा कळलं होतं. पीकेयूमध्ये अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठून मेंदूवर परिणाम करतो. पथ्य आधीपासून पाळलं तर मूल चांगलं वाढतं. गथ्रींचं मोठेपण मला एका साध्या गोष्टीत दिसतं. वाळलेला थेंब पाकिटात घालून टपालानं पाठवता येतो, म्हणजे प्रयोगशाळा गावात नसली तरी चालते. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं ही तपासणी कायद्यानं सुरू केली. ब्रिटननं १९६९ मध्ये, जपाननं १९७७ मध्ये ती देशभर नेली. ब्रिटनमध्ये आजही बाळ पाच दिवसांचं झालं की प्रशिक्षित सुईण (मिडवाइफ) बहुधा घरी येऊन टाचेतून रक्त घेते.

आपल्याकडे काय? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमध्ये. त्याच्या यादीत सुरुवातीला तीस आजार होते. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, जन्मजात हृदयविकार अशा गोष्टी त्यामुळे लवकर हाती लागू लागल्या. ते काम मोठं आहे. पण जन्मजात हायपोथायरॉइडिझम (म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक कमी असणं, त्या नातीला होतं तेच), सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे तीन आजार त्या यादीत शेवटी, 'ऐच्छिक' म्हणून आले. डोळ्यांना दिसतं ते तपासायचं ठरलं, रक्तात लपलेलं राज्यांच्या मर्जीवर राहिलं. गोव्यानं २००८ मध्येच सरकारी पातळीवर रक्ततपासणी सुरू केली होती, पुढे केरळनंही हात घातला. देशातल्या प्रत्येक बाळापर्यंत मात्र हा थेंब अजून पोचलेला नाही.

आणि आजार दुर्मीळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, पाच शहरांत एक लाखाहून जास्त बाळं तपासली, त्यात मुंबईही होती. साधारण ११३० बाळांमागे एकाला हायपोथायरॉइडिझम निघाला. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त जन्म होतात. हिशेब तुम्हीच करा.

आता कामाचं. रक्त ४८ तास उलटल्यावर घ्यायचं. जन्मल्याबरोबर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं आणि या तपासणीत मोजलं जाणारं संप्रेरक, उसळी मारतं, त्यामुळे फार लवकर घेतलं तर चांगल्या बाळाचाही रिपोर्ट वाईट येतो आणि घर विनाकारण हादरतं. टोचायचं टाचेच्या कडेला, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाका. पुढचा मोठा होऊ द्या, मग कागदावरच्या वर्तुळाला नुसता टेकवा. तो कागदाच्या पाठीपर्यंत मुरला पाहिजे. टाच पिळू नका, एका थेंबावर दुसरा चढवू नका. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा. ओलं कार्ड पिशवीत कोंबलं की सगळी मेहनत वाया.

खरी गळती मात्र पुढे होते. कार्डावर बाळाला नाव नसतं, आईचं नाव असतं. पत्ता सासरचा, बाळंतपण माहेरी, मोबाइल नवऱ्याचा आणि नवरा कामावर. रिपोर्ट बिघडलेला आला की आपण फोन करतो, तो लागत नाही. तोवर बाळ-बाळंतीण तिसऱ्याच गावी. हायपोथायरॉइडिझमची गोळी दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. म्हणून मी माझ्या सिस्टरना सांगते, बारशाच्या आत रिपोर्ट घरी पोचलाच पाहिजे. कार्डावर माहेरचा नंबर, सासरचा नंबर आणि त्या गावच्या आशाताईचा नंबर, तिन्ही लिहा. सीएएच नावाच्या, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींच्या जन्मजात आजारात तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच शरीरातलं मीठ घटून बाळ दगावू शकतं. मुलगा असेल तर बाहेरून काही दिसतही नाही.

आणखी एक, आणि हे सासूबाईंसाठी. रिपोर्ट आला की "आमच्या घराण्यात असलं नव्हतं" हे वाक्य येतंच, आणि खापर सुनेवर फुटतं. हायपोथायरॉइडिझममध्ये बहुतेक वेळा ग्रंथीच नीट तयार झालेली नसते, त्यात घराण्याचा संबंध कमी. पीकेयू, सीएएच, सिकलसेल हे आजार मात्र आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतात. दोघेही धडधाकट असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. दोष एकट्या आईचा असूच शकत नाही. हे रिपोर्ट देतानाच, सगळ्यांसमोर, बापाला शेजारी बसवून सांगा.

गोळी कशी द्यायची, तेही सांगते. रोज ठरल्या वेळी, चमच्यात कुस्करून, चमचाभर आईच्या दुधात. बाटलीभर दुधात घालू नका, बाळानं अर्धी टाकली तर औषधही अर्धंच गेलं. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी नको.

आता तुमचे प्रश्न. पहिला मला माहीत आहे, दर वेळी कोणीतरी आई विचारतेच: टाचेला टोचल्यावर दुखतं का? दुखतं, थोडं. बाळाला कुशीत घ्या, पाजायला लावा आणि तसंच टोचू द्या. बरीचशी बाळं कमी रडतात.