बारानंतर पाणीसुद्धा नाही

(दृश्य: पहाटेचा वॉर्ड. खाटेच्या दांडीला अडकवलेला केसपेपर.)

रात्री सिस्टर सांगून गेल्या, "काकू, बारानंतर काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही." खरं तर बहुतेक पेशंटना साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. पण यादीतला आपला नंबर कधी लागेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बारा म्हणजे सगळ्यांचेच बारा.

पिशवीचं ऑपरेशन. डॉक्टरांना रोजचंच. काकूंनी मात्र रात्रीतच सुनेला सगळं सांगून ठेवलंय. डब्यातले पैसे कुठे आहेत, म्हशीचं कुणी बघायचं, धाकटीचं लग्न लांबवायचं नाही. पहाटे मंगळसूत्र काढून सुनेच्या हातात दिलं. बांगड्या साबण लावून उतरवल्या, एकही वाढू दिली नाही. जी निघालीच नाही, तिला सिस्टरनी चिकटपट्टी गुंडाळली.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचं बंद दार. घड्याळात दोन वाजलेले.)

वॉर्डबॉय मामा दिसले तशा काकू उठून बसल्या.

"आजचं कॅन्सल. चहा घ्या."

एवढंच. कारण काहीही असतं. अपघाताची केस मध्ये येते, आधीचं ऑपरेशन लांबतं, आयसीयूत खाट नसते, रक्त मिळत नाही. कधी बीपी वाढलेलं असतं. बीपीचं कारण सगळ्यांत वाईट, कारण मग दोष पेशंटच्याच माथी. "घाबरलीस कशाला एवढी?" असं घरचेच विचारतात.

पहिल्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. हे कुणी बोलून दाखवत नाही, त्याची लाजच वाटते. मग रडू येतं. मग राग. पण तो काढायचा कुणावर? उद्या सुरी त्याच डॉक्टरांच्या हातात असणार. काकूंनी तो सुनेवर काढला. चहात साखर कमी होती म्हणून.

2020 मध्ये, कोविडच्या ऐन तडाख्यातल्या 12 आठवड्यांत, जगभरात सुमारे 2 कोटी 84 लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, असा एका आंतरराष्ट्रीय संशोधक गटाचा अंदाज होता. त्यांत भारतातल्या 5 लाख 80 हजारांहून जास्त. पण तेव्हा निदान सगळ्यांचंच थांबलं होतं. आज शेजारच्या खाटेवरची बाई आत जाऊन परत आली, गुंगीत कण्हतेय, आणि काकूंना तिचा हेवा वाटतोय.

(दृश्य: संध्याकाळ. डॉक्टर खाटेपाशी उभे.)

संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. "खाली अपघाताचा पोरगा आला होता, काकू. त्याला आधी घ्यावं लागलं." काकू चटकन म्हणाल्या, "मग बरं केलंत. वाचला का?" हेच दोन वाजता कळलं असतं, तर दुपार एवढी जड गेली नसती. सांगायला दोन मिनिटं लागली.

रजा संपली म्हणून मुलगा रात्रीच्या एसटीने परत गेला. नवी तारीख गुरुवारची. बुधवारी काकूंनी बहिणीला फोन केला नाही, गावातही कुणाला कळवलं नाही. गुरुवारी पहाटे मंगळसूत्र घ्यायला सुनेने हात पुढे केला.

"थांब," काकू म्हणाल्या. "आधी मामा येऊ देत."

(दृश्य: वॉर्डचं दार. बाहेरून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज.)